आजोबांबद्दल लिहायचंय? आधी 'प्रेमळ' हा शब्द बाजूला ठेवा

आजोबा गेले तेव्हा ९१ वर्षांचे होते आणि त्यांच्याबद्दल काहीतरी लिहून दे असं मला घरातून सांगण्यात आलं, का तर "तू लिहितेस ना". मी अर्ध्या तासात लिहून टाकलं. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल, सगळ्यांच्या मदतीला धावून जाणारे. मग वाचून बघितलं आणि लक्षात आलं की यातलं फक्त नाव बदललं तर हे कुणाच्याही आजोबांना चालेल, अगदी शेजारच्या आजोबांनाही, ज्यांचं आणि आमच्या आजोबांचं आयुष्यभर पटलं नाही.

९१ वर्षं म्हणजे तेहतीस हजारांवर दिवस होतात हो. त्यातून माझ्या हाताला लागली होती पाच विशेषणं.

तो कागद फाडला आणि पुढचे सात-आठ महिने जे काय केलं ते इथे लिहितेय, कारण मला त्यावेळी असं कुणीतरी सांगायला हवं होतं. तुम्हाला बाबांबद्दल लिहायचं असेल, आजोबांबद्दल, काकांबद्दल, किंवा ज्यांनी घर आणि गल्ली दोन्ही सांभाळली अशा कुठल्याही माणसाबद्दल, तर यातलं बरंचसं कामी येईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. अशा माणसाचं आयुष्य दोन अर्ध्या भागांत वाटलेलं असतं आणि त्या दोन भागांचे साक्षीदार एकमेकांना ओळखत नसतात. घरच्यांना बाहेरचा माणूस माहीत नसतो, बाहेरच्यांना घरातला. आम्हाला वाटायचं आजोबा संध्याकाळी फिरायला जातात. ते फिरायला जात नव्हते, शाळा अर्धवट सोडलेल्या एका मुलाला गणित शिकवायला जात होते, चार वर्षं! आणि हे आम्हाला कळलं ते गेल्यावर. तर तुमचं खरं काम लिहिणं नाहीच, हे दोन भाग एकमेकांना नेऊन जोडणं आहे.

माणूस अजून आहे का? मग हे सोडा आणि फोन उचला

खरंच. ८० च्या पुढचं कुणी घरात असेल तर आधी रेकॉर्डिंग. आपण म्हणतो दिवाणखान्यात बसून तेच तेच सांगत बसतात, पण रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्येच मांडलं होतं की म्हातारपणी मागे वळून बघणं हे डोकं गेल्याचं लक्षण नाही, ते त्या वयाचं कामच आहे, माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब लावत असतो. त्याआधी डॉक्टरसुद्धा ते भ्रमिष्टपणात काढायचे. त्यामुळे "पुन्हा तेच?" म्हणायच्या ऐवजी रेकॉर्डिंगचं बटण दाबा.

आणखी एक कामाची माहिती. वयस्कर माणसांना सगळं आयुष्य सारखं आठवत नाही. साधारण वयाच्या १० ते ३० वर्षांमधल्या आठवणी सगळ्यात दाट असतात, मानसशास्त्रात यावर भरपूर काम झालेलं आहे. म्हणून सुरुवात तिथून करा. पहिली नोकरी, पहिला पगार, घर सोडलं तो दिवस, लग्नाच्या आधीचे मित्र. पंचेचाळीस ते साठ हा काळ तुम्हाला त्यांच्या मुलांकडून आणि ऑफिसातल्या लोकांकडून भरून काढावा लागेल, त्यांना स्वतःला त्यातलं फारसं वेगळं काढून सांगता येत नाही, सगळी वर्षं एकमेकांत मिसळलेली असतात.

प्रश्न कसा विचारायचा यावर सगळं अवलंबून आहे. "तुमचं बालपण कसं होतं?" असं विचारलंत तर उत्तर येणार "चांगलं होतं". संपलं. आजोबा होते तेव्हा मी तीन वेळा हे करून बघितलं, तीनही वेळा चांगलंच होतं. मग एकदा सहज विचारलं की तुमच्या जुन्या घराच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला काय होतं? आजोबा थांबले, डोळे मिटले, डावा हात पुढे केला आणि म्हणाले, "खुंटी. वडिलांची टोपी. टोपी खुंटीवर असली की आम्ही गप्प." तिथून पुढे सव्वा तास. म्हणून घराचा नकाशा काढायला लावा, कागद पेन्सिल त्यांच्याच हातात द्या, कोण कुठे झोपायचं ते दाखवायला सांगा. झोपायच्या जागा विचारल्या की घरात कुणाचं काय स्थान होतं ते आपोआप बाहेर येतं.

वस्तू हातात द्या. जुनं घड्याळ, चष्म्याची डबी, पाना, हातोडी. माणूस हातात काहीतरी धरून जास्त बोलतो असा माझा अनुभव आहे.

आणि गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. ते थांबले की आपल्याला वाटतं संपलं आणि आपण पुढचा प्रश्न टाकतो. टाकू नका. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. खरी गोष्ट बऱ्याचदा सातव्या-आठव्या आकड्याला सुरू होते. चुकीचं साल सांगितलं तरी मध्येच दुरुस्त करायचं नाही, ते नंतर बघता येतं, एकदा "नाही हो आजोबा, ते तर नंतर झालं" म्हटलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो.

एका वेळी ४० मिनिटं पुष्कळ झाली. अमेरिकेत स्टोरीकॉर्प्स म्हणून एक उपक्रम २००३ पासून चालतो, न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनातल्या एका छोट्या बूथमध्ये सुरू झाला, तिथे साध्या माणसांनी आपल्याच माणसाची मुलाखत घ्यायची आणि ती तिकडच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपली जाते. त्यांनीसुद्धा वेळ ठेवलीय ४० मिनिटांची. दोन तास बसवलं तर माणूस दमतो आणि पुढच्या वेळी टाळायला लागतो.

आता रेकॉर्डिंगचं तांत्रिक, पटकन. फोन एअरप्लेन मोडवर टाका. माझं पहिलं रेकॉर्डिंग अकराव्या मिनिटाला कुणाचातरी फोन आल्यामुळे बंद पडलं आणि मी पुढचा अर्धा तास मान डोलवत बसले होते, काहीही रेकॉर्ड होत नव्हतं, आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी त्यांच्या भावाबद्दल सांगितलं जे पुन्हा कधीच तसं सांगितलं नाही. पंखा बंद करा, कानाला तो ऐकू येत नाही पण माईकला फक्त तोच ऐकू येतो. फोन टेबलावर आपटून ठेवू नका, खाली रुमालाची घडी घाला, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐकून बघा आणि मगच सुरू करा. सुरुवातीला तारीख, कोण बोलतंय, कोण विचारतंय हे स्वतः मोठ्याने बोला, दहा वर्षांनी फाईलचं नाव गेलं तरी आवाजात माहिती राहते.

आणि त्यांना सांगून रेकॉर्ड करा बरं का. चोरून नको.

माणूस गेलेला असेल तर

मग इतरांकडे जायचं, आणि लवकर जायचं, कारण ९१ वर्षांच्या माणसाचे मित्र ८८ वर्षांचे असतात. मी यादी केली आणि ती करताना पहिल्यांदा कळलं की मला आजोबांच्या फक्त चार मित्रांची नावं माहीत होती, तीही आडनावं.

यादी कशी वाढवायची, तर त्यांच्या फोनमधले शेवटच्या वर्षभरातले कॉल बघा (घरच्यांना विचारून), जुनी पत्त्यांची डायरी बघा, आणि भेटायला जे जे आले त्यांना दारातून जाताना एकच विचारा, "तुमची आणि त्यांची ओळख कशी झाली?" बस. हा एक प्रश्न सगळ्या मुलाखतींपेक्षा भारी आहे. त्या दिवसांत लोक येतात, बसतात, "फार चांगला माणूस होता" म्हणतात आणि जातात, आणि त्यांच्याबरोबर एकेक गोष्ट निघून जाते. घरातल्या एका तरुण पोराला किंवा पोरीला वहीच घेऊन बसवा, नाव, नंबर, ओळख कशी झाली एवढं एका ओळीत. आमच्याकडे हे तिसऱ्या दिवशी सुचलं, पहिल्या दोन दिवसांतले लोक हातचे गेले ते गेलेच.

नंतर त्यांना फोन करताना "आजोबा कसे होते?" विचारायचं नाही, इथेही तोच नियम. विचारायचं, त्यांनी तुमच्यासमोर केलेली एक गोष्ट सांगा. शेवटचे कधी भेटलात, ते काय बोलले? त्यांचा राग कधी बघितलात का? आणि त्यांच्याशी कधी वाजलं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो पण विचारा, लोक हसतात आणि मोकळे होतात. आजोबांच्या ऑफिसातले एक जण म्हणाले की आमचं नऊ महिने बोलणं बंद होतं, एका खुर्चीवरून, आणि तरी त्या नऊ महिन्यांत माझ्या मुलीचा फॉर्म त्यांनीच भरला, पण माझ्याशी न बोलता, कागद फक्त टेबलावरून सरकवला. आता मला सांगा, "परोपकारी" या शब्दात हे मावतं का?

बायकोला, म्हणजे आजीला, वेगळं बसवून विचारा. सगळ्यांसमोर ती नवऱ्याबद्दल चांगलंच बोलणार. आमची आजी एकटी असताना म्हणाली, "लोकांचं सगळं करायचे. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सगळ्यात पुढे. आणि घरातला नळ सहा महिने गळत होता." हे मी जसंच्या तसं ठेवलंय. मला तर वाटतं समाजकार्य करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या आठवणींमध्ये हा गळका नळ यायलाच हवा, कारण तो माणूस बाहेर असताना घर कुणीतरी ओढत होतं आणि तिचं नाव कुठल्याच भाषणात येत नाही. "कुटुंबवत्सल" लिहायच्या आधी जरा बघा, कुटुंब नक्की कोण सांभाळत होतं.

कागद बोलतात, पण योग्य कागद

लोक आधी सर्टिफिकेटं आणि सत्काराची शाल शोधतात. त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा पासबुक, पावत्या, दुरुस्तीची बिलं, वह्यांची मागची पानं, कपाटाच्या दाराची आतली बाजू, जिथे फोन नंबर आणि मुलांच्या उंचीच्या खुणा असतात, ते बघा.

आमच्याकडे सापडली कॅलेंडरं. आजोबांकडे एक लांब शिडी होती, अॅल्युमिनियमची, कॉलनीत तेवढी लांब शिडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती, त्यामुळे बल्ब बदलायचा, गच्ची साफ करायची, की सगळे आमच्या दारात. शिडी कुणाकडे गेली हे ते भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायचे आणि परत आली की तिरकी रेघ मारायचे. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर. एकोणीस कॅलेंडरं निघाली. मी एक रविवार जमिनीवर बसून ती उलगडली, कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवून, कारण ती परत परत गुंडाळली जात होती, आणि जे दिसलं ते असं की एकोणीस वर्षांत कॉलनीत कोण कधी राहायला आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी कधी रंगकाम निघालं, सगळं त्यात होतं. एका नावापुढे दर महिन्याला शिडी. मला कळेना दर महिन्याला शिडी कशाला लागते. विचारलं तर त्या बाई म्हणाल्या, "शिडी मला नको असायची, मी एकटी होते, तुझे आजोबा शिडी द्यायच्या निमित्ताने बघून जायचे की मी ठीक आहे ना."

शेवटच्या कॅलेंडरमध्ये एका नोंदीवर रेघ नव्हती. फोन केला. "अगं हो, आमच्याकडेच आहे," ते म्हणाले, "आणून देऊ का?"

तर तुमच्या माणसाची अशी शिडी शोधा. कुणाची सायकल असते, कुणाचा टाईपरायटर, कुणाचं पुस्तकांचं कपाट, कुणाची फक्त सही असते जी सगळ्यांच्या फॉर्मवर लागायची. काहीतरी असतंच जे घरातून बाहेर जायचं आणि परत यायचं.

सालं जुळवायला एक सोपी युक्ती. माणसांना साल आठवत नाही पण जगात काय चाललं होतं ते आठवतं. "माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तुम्ही कुठे होतात?" म्हणजे जुलै १९६९. हॅलेचा धूमकेतू आला ते १९८६. १९९९ ची शेवटची रात्र, जेव्हा सगळे म्हणत होते कॉम्प्युटर बंद पडणार. २०२० चा लॉकडाऊन. असे चार-पाच खुंटे ठोकले की मधल्या गोष्टी आपोआप त्यांच्या आधी-नंतर लागतात. आणि घरात कुणाचा जन्म झाला होता का तेव्हा, हे विचारायचं, आत्यांना ते बरोबर माहीत असतं.

फोटो, कॅसेट, आणि फोनमधलं सामान

फोटो आधी ओळखून घ्या, स्कॅन नंतर. स्कॅन कधीही होईल, पण या फोटोत डावीकडून तिसरा कोण हे सांगणारा माणूस कायमचा नसतो. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनने लिहिलं की समोर उठतं, शाई दुसऱ्या फोटोला लागते.

ते चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम, सत्तर-ऐंशीच्या दशकात घरोघरी होते ना, त्यातले फोटो बाहेर काढा, तो गोंद फोटो खातो. ओढून काढू नका. दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोच्या खालून सावकाश करवतीसारखा ओढा. निघतच नसेल तर तसाच पानासकट स्कॅन करा, फाडण्यापेक्षा बरं. छोटे फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे स्कॅनमध्ये इंचाला किती ठिपके तो आकडा), मोठे ३०० ला केले तरी चालतात. त्या काळातले रंगीत फोटो लालसर दिसायला लागले असतील तर ते रंग उडाल्यामुळे, निळसर रंग आधी जातो, अंधारात ठेवले तरी जातो, त्यामुळे आज स्कॅन केलेला उद्यापेक्षा चांगलाच असणार.

कॅसेट सापडली तर लगेच प्लेअरमध्ये घालू नका! आधी कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या चौकोनी खाचा असतात त्या बघा. तिथली प्लास्टिकची छोटी पट्टी अजून शाबूत असेल तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं की आवाज पुसला जाईल, म्हणून ती आधी तोडून टाका, मग रेकॉर्ड होतच नाही. प्लेअर चांगला चालतोय का ते दुसऱ्या कुठल्यातरी बिनकामाच्या कॅसेटवर तपासा. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत ६० वाल्यापेक्षा पातळ असते, ती जास्त अडकते. एकदाच वाजवायची, आणि वाजवताना कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची.

व्हॉट्सअॅपवर फोटो मागवताना लोकांना सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो लहान होऊन येतो आणि छापला की ठिपके दिसतात. आजोबांचे व्हॉइस मेसेज कुणाकुणाच्या फोनमध्ये पडलेले असतील ते पण मागवा. आमच्या एका भावाकडे सतरा सेकंदांचा मेसेज निघाला, त्यात आजोबा फक्त विचारतायत की हे बटण सोडलं की जातं का, आणि मागे आजी म्हणतेय, "सोडा मग." घरात सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं रेकॉर्डिंग ते आहे.

अकाउंटचं पण बघून ठेवा. गूगलचं अकाउंट दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर ते डिलीट करण्याचं गूगलचं धोरण आहे, डिसेंबर २०२३ पासून ते लागू झालंय, आणि त्यात ईमेल, फोटो सगळंच जातं. माणूस हयात असताना त्यांच्या सेटिंगमध्ये ठरवून ठेवता येतं की इतके महिने वापर झाला नाही तर माहिती कुणाला द्यायची. फेसबुकवर आणि अॅपलच्या फोनवरही आपल्या मागे अकाउंट कोण बघणार त्याचं नाव आधीच देऊन ठेवायची सोय आहे. पाच मिनिटांचं काम, पण ते त्यांनी स्वतः करायचं असतं, नंतर तुम्ही केलंत तर कागदपत्रांचा ढीग.

सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. एवढंच.

आता लिहायला बसा

आधी ठरवा काय हवंय. छोटी बातमी असेल तर दीडशे शब्द, भाषण पाच मिनिटांचं असेल तर पाचशे-सहाशे शब्द (मिनिटाला शंभर-सव्वाशेच्या वर शब्द बोललात तर रडू आलं की सगळं कोलमडतं), पुस्तिका असेल तर कितीही. रेकॉर्डिंग उतरवून काढायला वेळ धरा, एका तासाच्या बोलण्याला चार ते सहा तास आरामात जातात, आणि आपोआप उतरवणारी अॅप म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यात फार घोळ घालतात, नावं तर हमखास चुकतात. मी सगळं उतरवलंच नाही. ऐकत गेले आणि कामाचं कितव्या मिनिटाला आहे ते लिहून ठेवलं, तेवढंच उतरवलं.

जन्म अमुक साली, शिक्षण तमुक, नोकरी, लग्न, मुलं, निवृत्ती, असं सुरू केलंत की वाचणारा निवृत्तीपर्यंत पोचतच नाही. तो सगळा तपशील एका चौकटीत टाका, लागेल त्याने बघावा. सुरुवात एका दिवसापासून करा, साध्या दिवसापासून. सकाळी किती वाजता उठायचे, आधी काय करायचे, कुठली खुर्ची, बाहेर पडताना दाराशी काय म्हणायचे. आजोबा दाराशी "आलोच" म्हणायचे आणि तीन तासांनी यायचे, हे लिहिलं आणि सगळं घर हसलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हां, आता ते कागदावर आले.

मग प्रत्येक विशेषणाला हा प्रश्न विचारा, कशावरून? "प्रामाणिक". कशावरून? उत्तर आलं तर उत्तर लिहा आणि विशेषण खोडा. उत्तर नाही आलं तर नुसतं खोडा. माझ्या पहिल्या कागदावरची पाचही गेली.

दोष लिहायचे का? माझं मत, लिहायचे, पण असे जे त्यांच्यासमोर मोठ्याने वाचता आले असते. हट्टी होते, उशिरा यायचे, औषधं लपवायचे, ऐकायला येत असून न आल्यासारखं करायचे, हे सगळं चालतं. पैशांची भांडणं, आजारपणातले तपशील, कुणाच्या तरी लग्नाआधीची भानगड, हे ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारल्याशिवाय नाही. मी एक पूर्ण पान काकांच्या सांगण्यावरून काढलं, मला ते आवडलं नव्हतं, पण ते पान त्यांचं होतं, माझं नव्हतं.

घरातले दोघं एकच गोष्ट दोन प्रकारे सांगतील. सांगू देत. बाबा म्हणतात त्या रात्री आजोबा रडले, आत्या म्हणते रडले नाहीत, गच्चीवर गेले. मी दोन्ही लिहिलं, "आत्या म्हणते" आणि "बाबा म्हणतात" असं करून. निकाल द्यायला आपण कोर्ट नाही.

ऑनलाइन टाकणार असाल तर पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता, आईचं माहेरचं नाव असलं काही टाकू नका. गेलेल्या माणसाच्या नावाने फसवणूक करणारे लोक अशाच मजकुरातून माहिती उचलतात. सगळं घर अमुक वेळेला कार्यक्रमाला असणार हेही जगजाहीर करायची गरज नाही.

भाषण असेल तर मोठ्या अक्षरात छापा, पानांना नंबर टाका, आणि एक प्रत दुसऱ्या कुणाकडे तरी देऊन ठेवा, तुमचा आवाज गेला तर तो पुढे वाचेल. घरी निदान दोनदा मोठ्याने वाचा. जिथे दोन्ही वेळा गळा दाटला ते वाक्य शेवटी ठेवू नका, मध्ये ठेवा, म्हणजे त्यानंतर सावरायला काहीतरी साधं वाचायला उरतं. मी गळका नळ त्या वाक्याच्या लगेच पुढे ठेवला होता.

पुस्तिका छापणार असाल तर पहिल्यांदा थोड्याच प्रती काढा आणि शेवटी चार-पाच पानं कोरी सोडा. लोकांना सांगा चुकलेलं आणि राहिलेलं त्यावर लिहून परत द्या. आमच्या पंचवीस प्रती गेल्या, आत्तापर्यंत नऊ परत आल्यात, त्यातल्या एकात कुणीतरी फक्त एवढंच लिहिलंय की ती खुर्ची लाकडी नव्हती, लोखंडी होती, आणि खाली सही. आत्याच्या लग्नाचं साल अजून दोन ठिकाणी दोन वेगळं आहे. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, राहू दे.